बाकाखालचे पाय

प्रिय ताई,

तू गेल्यापासून तुला लिहावंसं कितीदा वाटलं, पण लिहिलं नाही. पोहोचणार नाही अशा पत्राचा मला संकोच वाटतो. आज लिहितोय, कारण उद्यापर्यंत एका माणसाला उत्तर द्यायचं आहे आणि त्याआधी ज्या माणसाशी भांडून घ्यायला हवं ते माणूस तू आहेस. संध्या म्हणाली, "ताईंनाच विचार ना. नाहीतरी आमच्याशी बोलताना तू मनात त्यांच्याशीच वाद घालत असतोस." माझी बायको असं खरं बोलते आणि मग भांडी लावायला निघून जाते.

गोष्ट रेवाची आहे. येत्या गुरुवारी तुझी लेक तुझं राहिलेलं व्याख्यान वाचणार आहे, तुझ्याच मोठ्या हॉलमध्ये, तुझ्याच टेबलामागे उभी राहून. ती केमिस्ट्री शिकते. इतिहासाशी तिचा संबंध तुझ्या जेवणाच्या टेबलावरच्या बोलण्यापुरता. तरी ती हट्टाला पेटली आहे. आणि काल तुझ्या विभागप्रमुखांचा मला फोन आला. मी तिला समजवावं, व्याख्यान लहान सेमिनारच्या खोलीत व्हावं, आधी नावं दिलेल्या लोकांसमोर. "तुमच्याकडे मामाच्या शब्दाला मान असतो असं ऐकलंय," असं ते म्हणाले. अगदी सौजन्यानं. मी म्हणालो, कळवतो.

तर ताई, काय कळवू?

तुझं व्याख्यान ऐकायला मी पहिल्यांदा आलो तो दिवस तुला आठवतो का? माझ्या नोकरीच्या गावाहून, वाल्डॉर्फहून निघालो, फ्रँकफर्टला गाडी बदलली आणि तुझ्या त्या जुन्या गावी पोहोचलो तेव्हा पाऊस बारीक पडत होता. हॉल म्हणजे उतरत जाणाऱ्या लाकडी रांगा, दुमडणाऱ्या बैठका, समोर लांब अरुंद बाक. मी मध्येच कुठेतरी बसलो. तू बोलत होतीस ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इथल्या विद्यार्थ्यांबद्दल. ते कुठे राहायचे, कुठल्या रंगाच्या टोप्या घालून कुठल्या खानावळीत गायचे, त्यांच्या पत्रकांत काय छापून यायचं, नोटीस बोर्डावर काय लागायचं. मी मन लावून ऐकत होतो, अर्धं कळत होतं. आणि खालून आवाज यायला लागला. लाकडावर बूट घासल्याची खरखर. एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्यातून.

मला वाटलं, थंडी. अमरावतीला डिसेंबरात सकाळची शाळा असली की आपण बाकाखाली पाय घासायचो ना, तसं. व्याख्यानानंतर विद्यापीठाच्या मेन्सात, जेवणाच्या रांगेत मी तुला म्हणालो, "अगं, एवढं मोठं विद्यापीठ आणि हॉलमधला हीटर बंद? पोरांचे पाय गारठलेत."

तू ट्रे घट्ट धरून हसायला लागलीस. मागचा मुलगा आपल्याकडे बघायला लागला. "बाप्पा, इंजिनिअर तो इंजिनिअरच," तू म्हणालीस. "थंडी नाही रे वाजत त्याइले. ते माझ्यासाठी होतं."

मग बटाट्याचं सूप खाता खाता तू मला शिकवलंस. व्याख्यान आवडलं की इथे टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. पटलं नाही, ऐकू आलं नाही, फार भरभर झालं, की पाय घासतात. फार जुनी रीत आहे.

"मग तुला काही वाटलं नाही?"

"मी भरभर बोलत होते. पाय घासले की वेग कमी करायचा. हक्क आहे त्यांचा."

परतीच्या गाडीत मी डायरीत लिहिलं की ताई भरभर बोलते, मुलं पाय घासतात, यात वावगं काही नाही. आज ते पान काढून वाचलं. तू सांगितलंस म्हणून मी ते मानलं, की मला तेच मानायचं होतं? मला खरंच माहीत नाही. अक्षरावरून कळत नाही.

हसण्याआधी क्षणभर तुझा चेहरा कसा झाला होता, तेही त्या पानात नाही. तो चेहरा मी आधी एकदा पाहिला होता, तुझ्या कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत. बाबा मला सायकलवर पुढे बसवून घेऊन गेले होते. तुझं आडनाव पुकारलं गेलं आणि मागच्या बाकांवरून मांजराचे आवाज सुरू झाले. तू घंटा होईपर्यंत बोललीस. बाबांनी सगळा वेळ मांडीवरच्या टोपीकडे पाहिलं. घरी येताना ते एवढंच म्हणाले, "घंटेपर्यंत बोलली पोरगी." ते कौतुक होतं की माफी, हे आपण दोघांनीही त्यांना कधी विचारलं नाही. आता तूही नाहीस आणि तेही नाहीत, मी एकटा ते वाक्य उलटसुलट करत बसतो.

पुढे कधीतरी मी तुला विचारलं होतं, तिथली हूटिंग बरी की इथले पाय? तू म्हणालीस, "हूटिंग करणाऱ्याचं तोंड तरी दिसतं रे. पाय बाकाखाली असतात."

तुझं संशोधन मला नीट कळलं असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की ती आता माझी झाली आहे. तू म्हणायचीस, लोकांना वाटतं त्या मुलांनी सुरुवात द्वेषानं केली. तसं नव्हतं. सुरुवात जागेवरून झाली. तक्रार अशी की रशियातून शिकायला आलेली ज्यू मुलंमुली लवकर येऊन पुढच्या रांगा अडवतात. क्लिनिकमध्ये रोग्याच्या खाटेजवळ तीच उभी असतात. प्रयोगशाळेत टेबलं कमी आहेत. मुली नुकत्याच येऊ लागल्या होत्या, त्या आत आल्या की पाय घासले जायचे. पत्रकांतली भाषा सभ्य होती, कधीकधी विनोदी. अर्ज नम्र होते. परदेशी विद्यार्थ्यांबद्दल आमच्या मनात काही नाही, फक्त त्यांनी आधी आम्हाला बसू द्यावं. "वाचून बघ," तू म्हणायचीस, "आपण असतो तर आपणही सही केली असती."

आणि प्राध्यापक? ते वाईट नव्हते, यावर तू अडून बसायचीस. त्यांच्यापैकी बरेच जण अर्जाशी सहमतही नव्हते. त्यांना शांतता हवी होती. म्हणून ते अर्धी मागणी मान्य करायचे, एखादं व्याख्यान दुसऱ्या खोलीत हलवायचे, कुणाला तरी समजवायला कुणाला तरी पाठवायचे.

काल फोन ठेवला आणि मला हे आठवलं.

मला अतिशयोक्तीची भीती वाटते, ताई. तो काळ आणि हा काळ एक नाही. माझ्या टीममधली तरुण जर्मन मुलं चांगली आहेत. तू आजारी होतीस तेव्हा त्यांनी न विचारता माझ्या शिफ्ट वाटून घेतल्या. तुझ्या हॉलमध्येही टकटक करणारेच नेहमी जास्त होते, हे मी विसरता कामा नये. फक्त टकटक शेवटी होते, सगळं संपल्यावर. पाय मध्येच येतात.

गेल्या हिवाळी सेमिस्टरमधलं ते व्याख्यान तू कधी कुणाला सांगितलंस का? रेवाला माहीत नव्हतं. आज मीच तिला सांगितलं. तू बोलायला लागलीस तेच मुळी सावकाश. आजाराचं निदान झालं नव्हतं, पण दम लागायला सुरुवात झाली होती. वाचनालयातल्या जागांवरून झालेल्या जुन्या वादाबद्दल बोलता बोलता तू म्हणालीस, "आपल्या विद्यापीठात तेव्हा..." आणि पाय घासले गेले. एका बाजूनं, पण जोरात. तू थांबलीस. पाण्याचा घोट घेतलास. तेच वाक्य पुन्हा म्हणालीस, आणखी हळू, एकेक शब्द ठेवल्यासारखा. 'आपल्या' म्हणालीस आणि पुन्हा तोच आवाज आला, आता दोन्ही बाजूंनी.

त्या वेळी तू भरभर बोलत नव्हतीस, ताई.

मला स्टेशनवर सोडायला आलीस तेव्हा मी विषय काढला. तू म्हणालीस, "ऐकलं मी." गाडीची वाट बघत आपण पावाच्या दुकानासमोर उभे होतो. मग एकदम तू विचारलंस, "तू कुठे बसला होतास?"

"मध्ये."

"तुझ्या आजूबाजूचे काय करत होते?"

मी आठवून सांगितलं, "खाली बघत होते. काही जण लिहीत होते."

"काय लिहीत होते? मी तर गप्प उभी होते."

तेवढ्यात गाडी आली. माझ्याबद्दल तू विचारलं नाहीस. शेजारच्यांचं विचारलंस, मला वगळलंस. धाकटा भाऊ म्हणून सोडून दिलंस का? सोडायला नको होतंस. हा माझा तुझ्यावरचा राग आहे आणि तो कमी होत नाही.

एप्रिलमध्ये तू गेलीस. इथल्या रीतीप्रमाणे सगळं वेळ ठरवून, कागद भरून झालं. भंतेजी दूर होते, त्यांना त्या दिवशी येता आलं नाही. त्रिशरण-पंचशील मीच म्हटलं. पाठ आहे, तरी मोबाइल समोर धरला होता, मध्येच विसरलो तर म्हणून. अस्थी घरी नेता येत नाहीत, तो कलश दफनभूमीतच ठेवावा लागतो, हे आईला व्हिडिओ कॉलवर समजावताना मला जर्मन कायदा मराठीत सांगावा लागला. आई म्हणाली, "म्हणजे पोरगी तिथलीच झाली." मी हो म्हणालो. तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, पण नंतर त्या हॉलमधले पाय आठवले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आम्ही घरीच, हॉलमधला सोफा हलवून केला. चार लोक चांगलं बोलले. रेवा बोलली नाही. शेवटी चटई गुंडाळताना मला म्हणाली, "मामा, हे आईचं नव्हतं. हे आपल्यासाठी होतं. आईचं मी तिच्या हॉलमध्ये करीन."

मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो. उन्हाळ्यात तिनं तुझ्या लॅपटॉपवरून ते व्याख्यान काढलं, छापलं आणि विभागाला पाठवलं. त्यांनी आनंदानं होकार दिला, हे नोंदवायला हवं. पोस्टरही त्यांनीच लावलं. तुझा फोटो, विषय, खाली रेवाचं नाव.

मग पोस्टरवर बूट आले.

कुणीतरी तळाशी काळ्या शाईनं बुटांची एक छोटी जोडी काढली. सुबक, नाड्या बांधलेली. दुसऱ्या दिवशी शेजारी आणखी एक जोडी, वेगळ्या हातानं. मग जिन्याजवळच्या पोस्टरवर. मग वाचनालयाबाहेरच्या. आता तुझ्या फोटोच्या गळ्यापर्यंत बूट आले आहेत. रेवाचे मित्र सांगतात, विद्यार्थ्यांच्या एका ग्रुपवर निरोप फिरतोय की गुरुवारी येताना चांगले बूट घालून या. बस, एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. तक्रार करायची तर कशाची करायची? चित्राची? पाय घासणं तर हक्कच आहे, तूच म्हणायचीस.

विभागप्रमुखही फोनवर तेच म्हणाले. "ही विद्यार्थ्यांची थट्टा आहे. पण थट्टेला निमित्त कशाला द्यायचं?" आणि मग, आवाज उतरवून, "तुमच्या बहिणीबद्दल आम्हाला फार आदर होता. त्यांनाही गोंधळ आवडला नसता."

ताई, तुला गोंधळ आवडला नसता हे खरं आहे. म्हणूनच मी लगेच नाही म्हणू शकलो नाही.

फोन शनिवारी आला. रविवारी, म्हणजे आज, रेवा जेवायला आली. संध्यानं पाटवडी रस्सा केला होता. रेवानं पहिला घास घेतला आणि विचारलं, "मामा, त्यांनी तुला फोन केला ना?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला मेल केला होता, मी नाही म्हटलं. आल्झो, म्हणजे पुढचा नंबर तुझाच."

संध्या म्हणाली, "लहान खोलीत वाचलंस तर काय बिघडतं गं? शब्द तर तेच राहणार."

"गेनाऊ, अगदी बरोबर, मामी. शब्द तेच. मग मोठ्या हॉलमध्ये काय बिघडतं?"

संध्या माझ्याकडे वळली. "घे. तुझ्या बहिणीचीच पोरगी."

मी घसा साफ केला. म्हणालो, "रेवा, यातून मिळणार काय आणि जोखीम किती, याचा आपण शांतपणे..."

"मामा, तू आत्ता ऑफिसात नाहीस."

"बरं. मला भीती वाटते."

"हं. हे मराठीत बोललास."

ती हसली आणि रश्श्यात भाकरी कुस्करत राहिली. मग खाली बघूनच जर्मनमध्ये म्हणाली की तिलाही वाटते. तुझी लेक माझ्याशी मराठीत भांडते, पण हे तिला मराठीत म्हणता आलं नाही. का, ते मी विचारलं नाही. संध्यानं तिच्या ताटात आणखी एक पाटवडी वाढली आणि ती नको नको म्हणाली नाही.

जेवणानंतर तिनं मला व्याख्यानाचं शेवटचं पान दाखवलं. तू तिथे थांबलीस ते वाक्याच्या मध्ये नाही, विचाराच्या मध्ये. तू लिहिलंयस की पुढच्या रांगांतले विद्यार्थी तुला कळले, कारण त्यांनी घरी पत्रं लिहिली, तक्रारी केल्या, काही जण गाव सोडून गेले. मागच्या रांगांतलेही कळले, त्यांनी पत्रकं छापली, अर्ज लिहिले, सह्या केल्या. मधल्या रांगांतले कळत नाहीत. ते सगळ्यात जास्त होते. त्यांनी अर्जावर सही केली नाही आणि विरोधातही काही लिहिलं नाही. पाय घासले जात असताना ते तिथेच बसलेले होते. त्यांचं मत काय होतं, हे कुठल्याच कागदात सापडत नाही. तुझा मजकूर तिथे संपतो. खाली रिकामं पान आहे.

"इथे तू काय जोडणार?" मी रेवाला विचारलं.

"काही नाही. आई जिथे थांबली तिथे मी थांबणार. मग उभी राहणार."

"किती वेळ?"

"बघू." मग म्हणाली, "मामा, तू पुढच्या रांगेत बसशील? मला कुणीतरी ओळखीचं दिसलं पाहिजे."

मी हो म्हणालो. ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. तिला स्टेशनवर सोडून आलो आणि लिहायला बसलो.

माझ्या मनात काय काय आलं ते तुला सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. ती इथे जन्मली, तिचं सगळं पुढे इथेच आहे, तिच्या प्रयोगशाळेत तिला रोज त्याच मुलांशेजारी उभं राहायचं आहे. गुरुवारी तिचा आवाज फुटला तर? कुणी मोबाइलवर चित्रित केलं तर ते कायमचं राहील. लहान खोलीत तीस शहाणी माणसं ऐकतील, टकटक करतील, कॉफी पितील. तुझं व्याख्यान जगात आलं असं होईल. यात खोटं काही नाही. अगदी वाजवी आहे. एवढं वाजवी की मला त्याचीच धास्ती वाटते, कारण तू मला जे जे अर्ज वाचून दाखवलेस ते सगळे असेच वाजवी होते.

आणि दुसरी बाजू? मी एका मुलीला माझ्या तत्त्वासाठी पुढे ढकलतोय का? हाही प्रश्न मी स्वतःला विचारला. पण ढकलणारा मी नाही. ती आधीच तिथे जाऊन उभी आहे. माझ्या हातात आहे ते एवढंच की तिला मागे ओढायचं की नाही. आणि ओढायला मला ज्यांनी सांगितलं, त्यांनी बुटांची चित्रं काढणाऱ्यांपैकी कुणाला फोन केला का? काल हे विचारायचं मला सुचलं नाही. उद्या विचारीन. त्यांच्यावर चिडून नाही, मला उत्तर ऐकायचं आहे म्हणून. ते काय म्हणतील याचा मला अंदाज आहे. म्हणतील, नावं कुठे माहीत आहेत.

तर उद्या त्यांना कळवतो की व्याख्यान मोठ्या हॉलमध्येच होईल. मामाच्या शब्दाला मान असेल तर मामाचा शब्द हा आहे.

आता तुला काय देतो ते सांगतो. रेवाला मी पुढच्या रांगेत बसतो म्हणालो होतो, ते मी बदलणार आहे. पुढे संध्या बसेल, तिला मी तयार केलंय. "लाल साडी नेसते, लांबून दिसेल पोरीला," असं ती म्हणाली आहे. मी मध्ये बसेन. पाय सुरू झाले की उभा राहीन. बोलेन की नाही ते सांगता येत नाही, रागात माझं जर्मन मोडतं. पण उभा राहीन आणि आवाज थांबेपर्यंत खाली बसणार नाही.

आणि उभा राहिलेला माणूस सगळीकडे बघू शकतो. माझ्या डावीकडचे, उजवीकडचे, मागचे काय करतात ते मी बघेन. कोण खाली बघतं, कोण लिहितं, काय लिहितं. कुणी माझ्याबरोबर उठतं का. तुला कुठल्याच कागदात न सापडलेली माणसं त्या दिवशी माझ्या हाताच्या अंतरावर असतील. ती चांगली वागतील असं वचन मी देत नाही, तसा भरवसा मला नाही. पण कुणाची बाजू न सावरता, माझीही नाही, मी जे दिसेल ते त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवेन. आणि शेवटी, शेजारच्यांच्या नोंदीखाली, 'मी काय करत होतो' हेही लिहीन.

तुझा धाकटा,
प्रशांत